वार्धक्याचा बंदोबस्त

मध्य प्रांताची रचना १८६१ साली झाली आणि त्यानंतर सहा वर्षांनी, १८६७ मध्ये, मंडला, सिवनी व भंडारा या जिल्ह्यांचे भाग तोडून व जोडून जो नवा जिल्हा सरकारने सिद्ध केला तो बालाघाट. खाली वैनगंगेच्या खोऱ्यात तलावांच्या पाण्यावर पोसलेली धानाची शेती, वर बैहर-परसवाड्याकडे सालवनांनी आच्छादलेले पठार, आणि या दोहोंच्या कारभाराचे ठाणे नदीकाठच्या बूढा नावाच्या गावी, अशी त्याची मूळ मांडणी होती. पठारावर लछमन नाईक याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच पहिली गावे वसवली होती. पुढे ब्लूमफील्ड या डेप्युटी कमिशनराने खोऱ्यातील पोवार शेतकऱ्यांना सवलती देऊन वर नेले आणि जंगल तोडून आणखी गावे बसवली. जमिनीची मोजणी, गावचा सारा भरणाऱ्या मालगुजारांच्या हक्कांची नोंद, राखीव जंगलांच्या सीमा, भरवेलीच्या मँगनीजच्या खाणी, सातपुड्यातून गोंदियाहून जबलपूरकडे पूर्वी जाणारी अरुंद मापाची आगगाडी, या सर्वांचा इतिहास सरकारी दप्तरांत विस्ताराने वाचावयास मिळतो. ज्यांचे हातपाय थकले अशा माणसांचा बंदोबस्त या जिल्ह्यात कोणी व कसा केला, हा प्रश्न मात्र त्याच कागदांत आडमार्गाने डोकावतो, आणि म्हणूनच तो वेगळा काढून पाहण्याजोगा आहे.

हा शोध आजच्या एका व्यवसायामुळे अधिक अगत्याचा झाला आहे. वृद्धांच्या शुश्रूषेचे व्यवस्थापन हे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्याचे स्वतंत्र काम असू शकते, ही कल्पना गेल्या चार-पाच दशकांत रूढ झाली. असा कार्यकर्ता औषध देत नाही, जखम बांधत नाही आणि कज्जाही चालवीत नाही. तो घरी जाऊन वृद्धाची अवस्था पाहतो, घरात त्याला उठवणारे व भरवणारे कोण आहे याची चौकशी करतो, डॉक्टर, परिचारिका, बँक, कचेरी आणि परगावी राहणारी मुले यांच्यामध्ये सांधा जुळवतो, आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा जाऊन ती व्यवस्था टिकली की मोडली हे तपासतो. अमेरिकेत खाजगी रीतीने हे काम करणाऱ्यांची संघटना १९८५ मध्ये स्थापन झाली. बालाघाटसारख्या जिल्ह्यात या व्यवसायाची पाटी शोधूनही सापडणे कठीण; परंतु त्याचे घटक, वेगवेगळ्या काळी आणि वेगवेगळ्या हातांत, या भूमीवर वावरून गेलेले आहेत.

मालगुजारीच्या काळात वार्धक्याची पहिली हमी जमीन ही होती. सीर म्हणजे मालगुजाराच्या घरखेतीच्या जमिनीचा हक्क ज्याच्या नावे तो म्हातारा खाटेवर पडला तरी घरातला कर्ता राही, आणि त्याच्या पायाशी बसणाऱ्या मुलासुनांच्या भक्तीत पटवाऱ्याच्या खसऱ्यातील नोंदीचाही काही अंश असे, असे म्हणण्यात अनुदारपणा नाही. वारासिवनीच्या कोष्ट्यांच्या घरी दृष्टी अधू झालेली डोकरी मागावर बसू शकली नाही तरी कांड्या भरू शके, आणि त्या अल्पशा कामामुळे तिच्या भाकरीला अन्नदानाचे स्वरूप येत नसे. ज्यांना जमीन नव्हती आणि माग नव्हता, त्या कमाऊ हातांवर जगणाऱ्या गोंड, बैगा आणि इतर मजुरांच्या घरी मात्र वृद्धाचा निर्वाह घरातील इतरांच्या रोजच्या मिळकतीवर अवलंबून असे, आणि ती मिळकत ज्या वर्षी आटली त्या वर्षी सर्वांत आधी म्हातारी माणसेच उघडी पडत. गावात सरकारचा माणूस म्हणजे कोतवार. सेवाजमीन खाऊन त्याने गावची राखण करावी आणि जन्ममृत्यूची खबर ठाण्यावर नेऊन लिहवावी असा दस्तूर होता. म्हणजे एखादा वृद्ध मेला की सरकारला ते कळे. तो मरेपर्यंत कसा जगला, हे कळण्याची कोणतीही वाट सामान्य वर्षी नव्हती.

ती वाट दुष्काळाने उघडली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन्ही दुष्काळांनी बालाघाटला विलक्षण कठोरपणे झोडपले. धान हे एकच मुख्य पीक, आणि ते पावसाच्या शेवटच्या काही आठवड्यांवर अवलंबून. तो पाऊस चुकला की खोऱ्यातील शेतकरी आणि त्याच्या शेतावर राबणारा मजूर एकदमच बुडत. १९०१ च्या शिरगणतीत जिल्ह्याची लोकसंख्या सव्वातीन लाखांच्या आसपास भरली आणि आधीच्या दहा वर्षांच्या मानाने ती सुमारे पंधरा टक्क्यांनी घटली होती. खडी फोडण्याच्या आणि तलाव खोदण्याच्या सरकारी कामांवर जे जाऊ शकत होते त्यांना तेथे मजुरी मिळाली. परंतु ज्याला कुदळ उचलवत नाही त्याचे काय करावे, याचे उत्तर दुष्काळ-संहितेत दिलेले होते.

सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला, त्यातून प्रांतोप्रांतीच्या दुष्काळ-संहिता तयार झाल्या, आणि त्यांत कामाविना मदत कोणाला द्यावी याची वर्गवारी केलेली होती. आंधळे, पांगळे, बुद्धिभ्रंश झालेले, वयामुळे किंवा अशक्तपणामुळे कमावू न शकणारे, आणि रूढीमुळे घराबाहेर न पडणाऱ्या कुलीन स्त्रिया हे वर्ग अपेक्षितच होते. त्यांच्याबरोबर आणखी एक वर्ग होता: घरी असलेल्या आजाऱ्याची किंवा तान्ह्या मुलाची शुश्रूषा करण्यासाठी ज्यांचे घरी राहणे अपरिहार्य आहे अशी माणसे. गावाची यादी करताना खाटेवरील वृद्धाबरोबर त्या खाटेशी बांधल्या गेलेल्या सुनेची किंवा मुलीची गरजही शासनाने पोसण्याजोगी मानली होती. हे औदार्य मर्यादित होते, अंमलबजावणी कृपण होती, आणि कित्येक गावांत यादी होईपर्यंत माणसे दगावली, हे सर्व खरे. तरीही शुश्रूषा हे श्रम आहेत आणि ते करणारी व्यक्ती त्यामुळे मजुरीला मुकते, ही गोष्ट या जिल्ह्यात प्रथम मान्य झाली ती एका वसाहती सरकारच्या टंचाईच्या नियमात, हा इतिहासातील विरोधाभास नजरेआड करता येत नाही.

या कामाची पद्धतही लक्षात घेण्यासारखी आहे. मदतीची पात्रता घरोघर जाऊन ठरवायची, गावपातळीवर झालेली नोंद वरच्या अंमलदाराने समक्ष पडताळायची, बरे झालेल्याचे नाव कमी करायचे आणि नव्याने खचलेल्याचे चढवायचे, अशी ती रीत होती. १९०० मध्ये मध्य प्रांतात गावोगाव सरकारी रसोडे निघाले आणि रोख रकमेऐवजी शिजलेले अन्न वाटले जाऊ लागले. ज्याला रसोड्यापर्यंत चालवत नाही त्याची पत्रावळ कोण नेऊन देणार, हा प्रश्न तेव्हाही निर्माण झालाच असला पाहिजे. कारण मदत आणि मदतीची जागा यांमधील अंतर म्हाताऱ्याच्या बाबतीत नेहमीच सर्वांत लांब असते. घरभेट, पात्रतेची तपासणी, पुनर्भेट हे आजच्या समाजकार्याचे तीन घटक त्या यंत्रणेत होते. वृद्धाशी बोलून त्याची इच्छा विचारण्याचा चौथा घटक मात्र त्यात नव्हता, आणि पाऊस पडताच संपूर्ण यंत्रणाच गुंडाळली गेली.

त्यानंतर पन्नास वर्षे या बाबतीत जिल्हा स्वतःवर आणि धर्मादायावर विसंबून राहिला. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकातच अनाथपंगुगृह उभे राहिले होते. परंतु अशा संस्था नगरांच्या आणि श्रीमंत व्यापाऱ्यांच्या आश्रयाने वाढतात, आणि बालाघाटजवळ यांपैकी काहीच नव्हते. जवळचे नगर म्हणजे नागपूर. तेथे १९२१ मध्ये कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी सीताबर्डीत मातृसेवा संघ स्थापन केला. बालविधवा झालेल्या कमलाताईंनी डफरिन रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेतले होते. प्रसूतिगृहापासून सुरू झालेला त्यांचा संघ कालांतराने वृद्धाश्रमापर्यंत आणि समाजकार्याच्या महाविद्यालयापर्यंत विस्तारला. प्रसूती आणि वार्धक्य या आयुष्याच्या दोन टोकांना एकाच संस्थेने हात घालावा, यामागे परिचारिकेचा अनुभव होता: दोन्ही अवस्थांत माणूस दुसऱ्याच्या हातात असतो आणि ते हात शिकलेले असले तर पुष्कळसे दुःख टळते.

हात शिकलेले असावेत, हीच कल्पना अन्य देशांत एका नव्या पेशाला जन्म देत होती. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात १८९५ मध्ये मेरी स्ट्युअर्ट यांची नेमणूक झाली ती रुग्णांची सांपत्तिक स्थिती तपासण्यासाठी. परंतु तपासता तपासता रुग्ण घरी गेल्यावर काय खातो आणि कोठे निजतो हे विचारणे भाग पडले. बोस्टनमध्ये डॉक्टर रिचर्ड कॅबट यांनी १९०५ मध्ये रुग्णालयात समाजकार्याला स्थान दिले, आणि १९१७ मध्ये मेरी रिचमंड यांनी या चौकशीचे शास्त्र ग्रंथरूपाने मांडले. मुंबईत नागपाडा येथे वस्तीकार्य करणारे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या संचालकत्वाखाली १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाची समाजकार्याची शाळा निघाली, तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. आणि १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची देशातील पहिली नेमणूक झाली. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस मातृसेवा संघाच्या प्रयत्नाने हेच शिक्षण नागपुरात आले.

ते आले तेव्हा नागपूर बालाघाटच्या प्रशासकीय कक्षेबाहेर गेले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, आणि पाऊणशे-शंभर वर्षे नागपूरच्या कमिशनराकडे पाहणाऱ्या या जिल्ह्याची राजधानी एका रात्रीत भोपाळ झाली. लोकांचे येणेजाणे मात्र फर्मानाने वळत नाही. लांजी, वारासिवनी, कटंगीकडील माणसे सोयरीक, दवाखाना आणि मजुरी या तिन्ही कामांसाठी गोंदिया-नागपूरलाच जात राहिली, आणि पोवारी व मराठी बोलणाऱ्या घरांत सीमेच्या पलीकडचा भाऊ हा नेहमीच हाकेच्या अंतरावर राहिला. याचा परिणाम वार्धक्यावर झाला तो असा की, म्हाताऱ्याचा उपचार एका राज्यात, पेन्शन दुसऱ्या राज्यात आणि मुलगा तिसऱ्या गावी, अशी विभागणी अनेक कुटुंबांच्या वाट्याला आली. ज्याला आज शुश्रूषेचे व्यवस्थापन म्हणतात त्याची गरज येथे महानगरी एकाकीपणातून आलेली नाही. मजुरीसाठी झालेल्या स्थलांतराने आणि सरहद्दीने ती निर्माण केली आहे.

याच सुमारास खाणींनी वार्धक्याला आणखी एक अर्थ दिला. १९६२ मध्ये मँगनीजचा धंदा सरकारी भागीदारीच्या कंपनीकडे गेला, आणि पुढे मलांजखंडला तांब्याची मोठी खाण चालू झाली. शेतकरी हळूहळू म्हातारा होतो. खाणकामगार ठरावीक तारखेला निवृत्त होतो. त्याच्या हाती भविष्यनिर्वाह निधीची रक्कम येते, वसाहतीतील घर सुटते, आणि जन्मभर फिरत्या पाळीने बांधलेला दिवस एकाएकी मोकळा होतो. त्याच जिल्ह्यात एका घरी हिशेबाची निवृत्ती आणि शेजारच्या बैगा टोल्यावर कसलीही नोंद नसलेले वार्धक्य, ही विषमता स्वातंत्र्योत्तर काळाची आहे.

कायद्याने या काळात आपली भूमिका पावलापावलाने बदलली. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोटगीचा हक्क पत्नी आणि मुले यांनाच होता. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने वृद्ध आईबापांचा समावेश केला, आणि १९७३ च्या संहितेतील कलम १२५ ने तो हक्क सर्व धर्मांच्या मातापित्यांना दिला. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्याने त्यापुढे जाऊन उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाचे न्यायाधिकरण नेमले, निर्वाहभत्त्याचा अर्ज साधारणतः नव्वद दिवसांत निकालात काढण्याची मुदत घातली, दरमहा १०,००० रुपयांपर्यंत भत्ता ठरवण्याचा अधिकार दिला आणि प्रत्येक जिल्ह्यात दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असे निवासगृह असावे अशी अपेक्षा व्यक्त केली. या कायद्यातील दोन तरतुदी समाजकार्याच्या दृष्टीने विशेष आहेत. सुनावणीपूर्वी प्रकरण समेट-अधिकाऱ्याकडे पाठवता येते, आणि अर्जदाराची इच्छा असल्यास समाजकल्याण खात्याचा अधिकारी त्याची बाजू मांडू शकतो. मुलाविरुद्ध तहसिलीच्या आवारात उभे राहण्यास बहुतेक आईबाप मरणापेक्षाही भितात. तेव्हा समेट घडवणे म्हणजे दोन्ही बाजूंच्या सह्या घेणे नसून, वाटणीचा राग, सुनेची दमणूक, दारू आणि कर्ज यांचा गुंता उलगडणे होय. इतर अनेक कामांनी वाकलेल्या अंमलदाराकडून ते होणे अवघड आहे. कायद्याने काम नेमून दिले. त्या कामासाठी माणूस घडवणे राहून गेले.

पेन्शनच्या बाबतीतही असेच घडले. १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्राने निराधार वृद्धांसाठी दरमहा ७५ रुपयांचे साहाय्य सुरू केले. २००६ मध्ये रक्कम २०० रुपये झाली, २००७ मध्ये योजनेला इंदिरा गांधींचे नाव मिळाले, २०११ मध्ये वयाची अट ६५ वरून ६० वर आली आणि ऐंशी ओलांडलेल्यांना ५०० रुपये ठरले. मध्य प्रदेशात राज्याची भर पडून हातात ६०० रुपये येऊ लागले. त्या रकमेत म्हाताऱ्याचे पोट भरत नाही. पण घरात त्याच्या नावाने दरमहा काही येते, एवढ्यानेही त्याचे बोलणे ऐकले जाते, हे कोणत्याही गावात दिसेल. म्हणून पेन्शनला क्षुद्र म्हणण्याचा अधिकार पगारदारांना नाही. दोष दुसरीकडे आहे. दुष्काळानंतर एका शतकाने यादी पुन्हा आली, या वेळी कायमची आली, परंतु दुष्काळ-संहितेतील शुश्रूषा करणाऱ्यांचा तो वर्ग तिच्यात नव्हता. अंथरुणाला खिळलेल्या सासूसाठी धानरोवणीची मजुरी बुडवणारी सून या यादीच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. आणि राबून झिजलेला अंगठा यंत्रावर उमटत नाही म्हणून सासूला बँकेच्या केंद्रावर उचलून नेण्याचे कामही पुन्हा तिच्याच दिवसातून वजा होते.

या वजाबाकीचे शास्त्र विद्यापीठांतून सिद्ध झालेले आहे. सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये वृद्धाचे परावलंबन सहा क्रियांवरून मोजण्याची पद्धत मांडली: स्नान, वस्त्रे, शौचाला जाणे, उठणे-बसणे, मलमूत्रावरील ताबा आणि भोजन. १९६९ मध्ये पॉवेल लॉटन आणि एलेन ब्रॉडी यांनी टेलिफोन वापरणे, बाजारहाट, स्वयंपाक, औषधे, पैशाचा व्यवहार अशा अधिक गुंतागुंतीच्या क्रियांची पट्टी तयार केली. ब्रॉडी या फिलाडेल्फियातील समाजकार्यकर्त्या होत्या, आणि नोकरी, मुले व वृद्ध आईबाप यांच्या मध्ये चेपल्या जाणाऱ्या स्त्रियांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधण्याचे मोठे श्रेय त्यांचेच आहे. ही पट्टी बैहरच्या टोल्यावर जशीच्या तशी लावणे हास्यास्पद ठरेल. तेथे हातपंपापर्यंत जाता येते का, रेशनच्या दुकानातून धान्य आणता येते का, पावसाळ्यात नाला ओलांडून उपकेंद्र गाठता येते का, मोहाची फुले वेचण्याइतके वाकता येते का, हे विचारावे लागेल. मोजमापाचे तत्त्व घ्यावे आणि प्रश्न गावचे विचारावेत, हे कौशल्य ज्याला साधते तोच या जिल्ह्यात शुश्रूषेचा व्यवस्थापक म्हणवून घेण्यास पात्र होय.

मग असा व्यवस्थापक आज येथे होऊ इच्छिणाऱ्या तरुणाचा मार्ग कोणता? समाजकार्याची पदव्युत्तर पदवी नागपूर किंवा जबलपूरकडे घेता येते. राष्ट्रीय सामाजिक संरक्षण संस्थेने वृद्धसेवेचे एक वर्षाचे अभ्यासक्रमही चालवलेले आहेत. २०१० नंतर वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, त्यात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांच्या कक्षाची कल्पना आहे. २०२१ च्या कायद्याने वैद्यकीय समाजकार्यकर्त्यांना आरोग्यव्यवसायांच्या सूचीत जागा दिली. आणि १४५६७ या क्रमांकावर वृद्धांसाठी राष्ट्रीय मदतवाहिनी चालू झाली. एवढी साधने असूनही करिअर म्हणून पाहिले तर ते ठिगळांचे वस्त्र आहे: कधी रुग्णालयात कंत्राटी समुपदेशक, कधी एखाद्या संस्थेचा प्रकल्प-समन्वयक, कधी खात्याच्या सर्वेक्षणातील गणक. पुण्या-मुंबईत परदेशस्थ मुले शुल्क भरतात आणि त्यावर खाजगी व्यवस्थापकाचा चरितार्थ चालतो. बालाघाटचा मुलगा नागपुरात बांधकामावर असतो, त्याला आईसाठी पाठवण्याजोगे पाचशे रुपये हाच मोठा मनसुबा असतो. बाजाराच्या तत्त्वावर हा व्यवसाय येथे रुजणार नाही, हे मान्य करूनच पुढचा विचार केला पाहिजे.

२०११ च्या शिरगणतीत जिल्ह्याची लोकसंख्या सतरा लाखांवर गेली, आणि दर हजार पुरुषांमागे १०२१ स्त्रिया हे राज्यातील सर्वोच्च प्रमाण येथे आढळले. या स्त्रियाच जिल्ह्यातील बहुतेक वृद्धांना सांभाळतात, आणि वैधव्यानंतर सांभाळणाऱ्याच्या शोधात राहणाऱ्यांतही त्यांचीच संख्या मोठी असणे स्वाभाविक आहे. तेव्हा पेन्शनच्या प्रकरणात वृद्धाच्या नावाखाली शुश्रूषा करणाऱ्याचे नाव लिहिले जावे, त्या दोघांकडे जाणारा प्रशिक्षित समाजकार्यकर्ता जनपद पंचायतीच्या आस्थापनेवर कायम नेमला जावा, आणि गोंदिया-नागपूरचे रुग्णालय, भोपाळचा आदेश व गावची खाट यांची सांगड घालणे ही त्याची नियत सेवा मानली जावी, ही मागणी नवलाची नाही. उपासमारीच्या वर्षी दरिद्री तिजोरीतून जे तत्त्व मान्य झाले होते, ते बऱ्या वर्षांत आणि भरल्या तिजोरीतून नाकारण्यास कोणतेही समर्थनीय कारण दिसत नाही. आणि जोपर्यंत ते नाकारले जात आहे तोपर्यंत या जिल्ह्यातील वार्धक्याचा खर्च, कोणत्याही अंदाजपत्रकात न दिसता, घरच्या स्त्रियांच्या बुडालेल्या मजुरीतूनच भागवला जात राहील.